हा रकाना आत्ताच का आला? जालन्याच्या शाळांतली रजिस्टरं आणि पोर्टलं

शाळेच्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन सोय आली की तिची ओळख ठरलेल्या शब्दांत करून दिली जाते : आता काम सोपं होणार, पारदर्शक होणार. महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी गेल्या दहा-बारा वर्षांत हे बऱ्याचदा ऐकलंय. शालार्थ आलं, सरल आलं, यू-डायस प्लस आलं, मोबाईलवरची हजेरी आली, आता अपार आयडी चालू आहे. सोय खरंच सोय आहे का, यावर शिक्षकांच्या ग्रुपवर भरपूर लिहिलं जातं. मला त्याआधीचा प्रश्न पडतो. हा रकाना आत्ताच का आला? मागच्या वर्षी का नव्हता?

माझं संशोधन थोडक्यात सांगायचं तर एवढंच आहे. एमएस्सी संख्याशास्त्रात केलं, पण आकड्यांपेक्षा ते ज्या चौकटीत भरले जातात ती चौकट जास्त बोलते असं वाटायला लागलं, आणि मग विषय इतिहासाकडे सरकला. या लेखात जालना जिल्हा घेतलाय. कारण शाळेच्या नोंदीचं महत्त्व इथे गेल्या तीन-चार वर्षांत ज्या पद्धतीने समोर आलं, तसं क्वचितच कुठे आलं असेल.

आधी कागद बघू. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर नंबर १ नावाची एक जाडजूड वही असते. जुने लोक तिला 'दाखल-खारीज' म्हणतात, कार्यालयीन भाषेत ती 'प्रवेश-निर्गम नोंदवही'. आडव्या ओळीत एक मूल : अनुक्रमांक, नाव, धर्म-जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. हजेरीचा कॅटलॉग काही वर्षांनी रद्दीत जातो. ही वही मात्र कायम जपायची असते.

आता जालन्याची गंमत. हा जिल्हा १ मे १९८१ ला झाला, त्याआधी बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणीत. पण त्याही आधी, १९४८ पर्यंत, हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कारभाराची भाषा उर्दू आणि सन फसली. त्यामुळे एखाद्या जुन्या शाळेच्या कपाटातलं सर्वात जुनं रजिस्टर उघडलं, तर त्यात इसवी सन दिसेलच याची खात्री नाही. १३५० फसली असं लिहिलेलं असेल तर त्यात ५९० मिळवायचे, १९४० येतात. पण एवढ्यावर भागत नाही. फसली वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू व्हायचं. म्हणून त्याच १३५० मधला 'दै' महिना म्हणजे नोव्हेंबर १९४० आणि 'शहरेवर' म्हणजे जुलै १९४१. महिन्याकडे लक्ष दिलं नाही तर माणसाचं वय सहज एका वर्षाने चुकतं. आजचं कुठलंही पोर्टल जन्मतारखेच्या चौकोनात 'शहरेवर' स्वीकारणार नाही हे सांगायला नकोच.

१९४८ नंतर सन बदलला, पण जन्मतारखेचा प्रश्न काही सुटला नाही. घरी जन्माची नोंद नसायची. आई सांगायची, 'पाऊस लई झाला त्या साली, पोळ्याच्या आसपास.' गुरुजी मुलाकडे बघायचे, सहा वर्षांचं दिसतंय म्हणायचे आणि १ जून टाकून द्यायचे. तुमच्या घरात एक तरी १ जूनवाला असणारच. नियमाप्रमाणे महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून दर वर्षी ३१ मे ला राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीची लाट येते. संख्याशास्त्रात एखाद्या आकड्यावर अशी गर्दी दिसली की आम्ही ती नोंदीतली चूक म्हणून बाजूला काढतो. इतिहासाच्या बाजूने बघितलं तर ती चूक वाटत नाही. ज्या घरात कागदच नव्हता, त्या घरातल्या मुलाला गुरुजींनी कागदावर आणलं, त्याची ती खूण आहे.

तर या वहीचं काम होतं लक्षात ठेवणं. कोण आलं, कुठून आलं, कधी गेलं. गावात एकूण मुलं किती, जिल्ह्यात किती, हे तिच्यातून पटकन निघत नसे. वर पाठवायचे आकडे हाताने बेरीज करून वेगळ्या तक्त्यात भरले जायचे.

संगणक शाळेच्या नोंदीत आला तो या बेरजेच्या दारातून. १९९४ च्या सुमारास केंद्राने जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम, म्हणजे डीपीईपी, सुरू केला. महाराष्ट्रातल्या पहिल्या टप्प्यात औरंगाबाद, परभणी, नांदेड, लातूर, उस्मानाबाद होते. जालना दुसऱ्या टप्प्यात आला, बीड, धुळे आणि गडचिरोलीबरोबर. या कार्यक्रमासाठी जी माहिती प्रणाली बनवली ती 'डायस'. मुख्याध्यापकांनी कागदी फॉर्म भरायचा, जिल्ह्याच्या कार्यालयात ऑपरेटरने तो टाईप करायचा. पुढे माध्यमिक शाळा त्यात आल्या आणि २०१२-१३ पासून ते यू-डायस झालं. शाळेचा ११ अंकी क्रमांक तिथलाच. जालन्यातल्या कुठल्याही शाळेचा क्रमांक बघा, सुरुवात २७१८ ने होते : २७ महाराष्ट्र, १८ जालना.

या फॉर्मची एक गोष्ट लक्षात घ्या. त्यात मुलांची नावं नव्हती. तिसरीत मुलगे किती, मुली किती, अनुसूचित जातीच्या किती, एवढंच. वहीत नावं होती पण बेरीज नव्हती, डायसमध्ये बेरीज होती पण नावं नव्हती. आणि शिक्षकांची पदं, पोषण आहाराचा तांदूळ, गणवेश, सगळं त्या बेरजेवर ठरायचं. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाने पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ झाली की तिसरा. म्हणजे त्या एकसष्टाव्या मुलाची किंमत एक अख्खी नोकरी. ते मूल खरं आहे का, हे बेरजेतून कसं कळणार?

नांदेडचे तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी हा प्रश्न सरळ मैदानात सोडवायचा ठरवला आणि जिल्ह्यात मुलं प्रत्यक्ष मोजली. निकाल इतका वाईट आला की सरकारने ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी केली. एकच मूल दोन शाळांत दाखवू नये म्हणून बोटाला शाई लावली, मतदानासारखी. पटावर असलेली जवळपास २० लाख मुलं जागेवर सापडली नाहीत.

माझ्या मते आजच्या सगळ्या पोर्टलांचा जन्म त्या शाईच्या बाटलीतून झालाय. २०१५ मध्ये 'सरल' आलं. त्यात पहिल्यांदाच बेरजेऐवजी एकेक मूल भरायचं होतं : नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात, आधार, बँक खातं. प्रत्येकाला वेगळा आयडी. रात्री सर्व्हर मोकळा असतो म्हणून रात्री जागून माहिती भरणारे शिक्षक त्या वर्षी गावोगाव होते. मूल शाळा बदलत असेल तर नव्या शाळेने पोर्टलवर विनंती टाकायची आणि जुन्या शाळेने ती मंजूर करायची. एक मूल, एक जागा. बोटावरच्या शाईचं काम आता मंजुरीच्या बटणाकडे आलं.

त्यानंतरचा प्रत्येक रकाना मी याच नजरेने वाचते. नाव दोनदा टाकलं जाऊ शकतं, म्हणून आधार. आधार क्रमांक चुकीचा असू शकतो, म्हणून आधार 'वैध' आहे की 'अवैध' याचा वेगळा रकाना. संचमान्यतेत वैध आधार असलेलीच मुलं धरायची असं ठरलं, तेव्हा वर्गात समोर बसलेली पोरं मोजणीतून गळाली, कारण आधारवर नाव 'ज्ञानेश्वर' आणि रजिस्टरवर 'ज्ञानोबा'. आधार नाही म्हणून मुलाला हक्क नाकारता येणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्येच सांगितलंय. इथे मुलाला कोणी नाकारत नव्हतं हे खरं, फक्त त्याला शिकवणाऱ्याचं पद जात होतं. २०२२-२३ पासून यू-डायस प्लसमध्येही एकेका मुलाची नोंद सुरू झाली आणि पेन नावाचा कायम क्रमांक आला, मग १२ अंकी अपार. इतकं करून फसवणूक थांबली असती तर वेगळी गोष्ट. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं, म्हणजे पगाराच्या पोर्टलवर बनावट शिक्षक. बनवाबनवी वहीतून उठून लॉगिनमध्ये बसली.

पण माझा खरा मुद्दा फसवणुकीचा नाही. जालन्यातल्या एका वेगळ्याच 'सापडत नाही'चा आहे.

मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, लहान लेकरं सोबत. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिथे कारखाना असेल तिथे. परततात मार्च-एप्रिलमध्ये. आता तारखा शेजारी ठेवून बघा. शाळेचा पट ठरतो ३० सप्टेंबरला. पटपडताळणी झाली ३ ते ५ ऑक्टोबरला, दसरा होता ६ ला. म्हणजे सरकार जेव्हा मोजायला येतं तेव्हा ही मुलं गावात असतात, आणि महिन्याभरात नसतात. मोजणीच्या हिशेबात ती शंभर टक्के खरी. बोगस नाहीत, डुप्लिकेट नाहीत, आधारही जुळतं. आणि जानेवारीत ती फडावर पाचट गोळा करत असतात.

दोन्ही बाजूंनी प्रयत्न झालेत हे मान्य केलं पाहिजे. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहं, कारखान्यावर साखरशाळा, आणि सोबत न्यायला शिक्षण हमी पत्रक. हे पत्रक मला फार शहाणपणाचं वाटतं. एक साधा कागद : हे मूल अमुक शाळेचं, अमुक इयत्तेतलं, जिथे जाईल तिथे त्याला बसू द्या. मूल हलतं हे त्यात गृहीत आहे. पोर्टलमध्ये गृहीत आहे की मूल एका जागी असतं, आणि हललं तर ते कायमचं हललं. पाच महिन्यांसाठी जाऊन परत येणाऱ्याने काय करायचं? ट्रान्सफर केलं तर इथला पट कमी होतो आणि शिक्षक जातो. नाही केलं तर तिथल्या शाळेत ते मूल नुसतं येऊन बसलेलं, आहार कोणाच्या नावावर टाकायचा हा प्रश्न. यू-डायस प्लसमध्ये दाखला न नेता शाळा सोडलेल्या मुलांसाठी 'ड्रॉपबॉक्स' आहे, दुसऱ्या शाळेने तिथून उचलून घ्यायचं. त्यातही मूल एकदाच जातं, एकदाच येतं असंच मानलंय. १ डिसेंबर २०२३ पासून चॅटबॉटवर रोजची हजेरी सुरू करायला सांगितलं. डिसेंबर म्हणजे टोळ्या बाहेर असण्याचा ऐन महिना. अशा गावातल्या शिक्षकाने मोबाईलवर खरं भरलं तर विचारणा होणार, खोटं भरलं तर २०११ परत.

दुसरीकडे, त्याच वर्षी, त्याच अंबड तालुक्यात, सगळ्यांनी विसरून टाकलेल्या वह्या पुन्हा बाहेर निघाल्या. अंतरवाली सराटीत २९ ऑगस्ट २०२३ ला मनोज जरांगे पाटलांचं उपोषण सुरू झालं, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि ७ सप्टेंबरला न्यायमूर्ती संदीप शिंदे (निवृत्त) यांची समिती नेमली गेली. आरक्षणाच्या वादात मला इथे शिरायचं नाही. मला दिसतं ते कपाट. कुणबी नोंदी शोधायच्या म्हणून महसुलाच्या कागदांबरोबर शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरंही तपासली गेली. उर्दू आणि मोडी वाचणारे शोधून आणावे लागले. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि त्याआधीचा शाळेचा एक उतारा घरात असला तर पुढच्या कितीतरी दाखल्यांचा रस्ता मोकळा होतो. ८० वर्षांपूर्वी एका गुरुजीने टाकाने लिहिलेला एक शब्द, आणि आज त्यावर नातवाची फी, प्रवेश, नोकरी.

त्या वहीला एवढा मान का, याचं एक कारण तिच्या अडचणीतच आहे. तिच्यात खोडता येत नाही. दुरुस्ती करायची तर जुन्या नोंदीवर लाल शाईने रेघ, वर नवीन नोंद, आदेशाचा क्रमांक, मुख्याध्यापकांची सही. जुनं खाली वाचता येतंच. पोर्टलवरून छापलेल्या यादीत मात्र शेवटची दुरुस्ती तेवढी दिसते. 'ज्ञानोबा'चा 'ज्ञानेश्वर' झाला की ज्ञानोबा संपला. तीस-चाळीस वर्षांनी कोणी वंशावळ जुळवायला बसला तर त्याला दोन वेगळी माणसं भेटतील आणि मधला धागा नसेल.

म्हणून नवीन सोयींची यादी वाचताना मी दोनच गोष्टी शोधते. एक, जुनी नोंद, तारीख आणि बदल करणाऱ्याचं पद, हे शाळेला स्वतःच्या लॉगिनमधून दिसतं का? दोन, 'नोव्हेंबरमध्ये गेला, एप्रिलमध्ये आला' हे पट न घालवता लिहायला जागा आहे का? तांत्रिकदृष्ट्या दोन्ही किरकोळ आहेत. बँकेच्या पासबुकात पहिली असते, रेल्वेच्या परतीच्या तिकिटात दुसरी.

तोवर जालन्यातल्या शाळांत दोन्ही चालू आहेत. जूनमध्ये पहिलीत आलेल्या मुलाचं नाव आधी मोबाईलवर भरलं जातं, मग वहीत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आता वरच्या बाजूला स्टुडंट आयडी आणि आधार क्रमांकाचे चौकोन असतात, आणि खाली, सहीच्या वर, अजूनही लिहिलेलं असतं की ही माहिती जनरल रजिस्टर नंबर १ प्रमाणे आहे.