पीतज्वराच्या सन्मानपटाची कुळकथा

अमेरिकेच्या लष्करी खात्याकडून दरसाल एक जाडजूड नोंदवही छापली जात असे. कोण अधिकारी कोणत्या हुद्द्यावर आहे, त्याची नेमणूक कधी झाली, कोण निवृत्त झाला, कोण वारला, असला रुक्ष मजकूर तिच्यात असायचा, आणि स्वतःची बढती शोधणाऱ्यांखेरीज कोणी ती आवडीने चाळली असेल असे वाटत नाही. या दफ्तरी ग्रंथात प्रतिवर्षी एक सन्मानपट छापावा, असा हुकूम देणारा कायदा अमेरिकेच्या काँग्रेसने केला, आणि अध्यक्ष कूलिज यांची कारकीर्द संपायला चार-पाच दिवस उरले असताना, २८ फेब्रुवारी १९२९ रोजी, तो अमलात आला. त्या पटावर बावीस नावे होती. आरंभी मेजर वॉल्टर रीड आणि त्यांचे तीन सहकारी डॉक्टर, आणि त्यांच्यामागे बहुतांशी साधे शिपाई, शिवाय एक मुलकी कारकून! रणांगणावरील पराक्रमासाठी नव्हे, तर क्यूबा बेटावर पीतज्वराचे कारण शोधले जात असताना आपला देह प्रयोगासाठी पुढे केल्याबद्दल यांना सरकारी सुवर्णपदक आणि दरमहा १२५ डॉलरांचा तनखा मंजूर झाला होता. 

या पटाचे मूळ शोधायचे तर १९०० सालच्या हवानामध्ये जावे लागते. स्पेनशी झालेल्या युद्धानंतर क्यूबा अमेरिकेच्या लष्करी अमलाखाली आला होता, आणि स्पॅनिश गोळ्यांपेक्षा रोगराईनेच अधिक माणसे गिळलेल्या त्या फौजेला पीतज्वराची विलक्षण दहशत होती. डोळे पिवळे पडायचे, काळी ओकारी व्हायची, आणि कित्येक रोगी आठवड्याभरात दगावायचे. हा रोग डासाच्या दंशाने पसरतो, असे हवानाचेच डॉक्टर कार्लोस फिनले १८८१ पासून सांगत आले होते आणि वैद्यकजगत त्यांना हसत आले होते. जून १९०० मध्ये रीड, जेम्स कॅरोल, जेसी लॅझिअर आणि अरिस्तिदेस आग्रामोंते या चौघांचे लष्करी मंडळ हवानाजवळच्या केमादोस येथे दाखल झाले. फिनले यांनी आपल्याजवळची डासांची अंडी उदार मनाने त्यांच्या स्वाधीन केली. पण खरी अडचण पुढेच होती. हा रोग तोवर माहीत असलेल्या कोणत्याही जनावराला जडत नसे, त्यामुळे सिद्धांताची कसोटी लावायची तर ती माणसाच्याच अंगावर लावावी लागणार होती. सन्मानपटाचे बीज या अडचणीत आहे, आणि पुढे काय घडले हे पाहताना वाचकाने ती विसरू नये.

आधी आपल्याच अंगावर प्रयोग करायचा असे मंडळाने ठरवले. रीड त्या वेळी दुसऱ्या एका अहवालाच्या कामासाठी वॉशिंग्टनला गेलेले होते. कॅरोलनी २७ ऑगस्टला दूषित डास चावून घेतला, आजारी पडले आणि मरणाच्या दारातून परत आले. तीन-चार दिवसांनी सातव्या अश्वदळातील विल्यम डीन या शिपायाला डास चावला. तोही आजारी पडून बरा झाला. लॅझिअर मात्र याच तापाने २५ सप्टेंबरला वारले. मागे तरुण पत्नी आणि दोन मुले होती, आणि त्यांतले धाकटे तर नुकतेच जन्मलेले.

रीड परत आले आणि २० नोव्हेंबरला उघड्या माळावर तंबूंची एक छावणी उभी राहिली. तिला लॅझिअर यांचेच नाव देण्यात आले. गव्हर्नर जनरल लेनर्ड वूड यांनी पैशाला मंजुरी दिली, स्पॅनिश वकिलाशी बोलणी झाली, आणि नुकत्याच बोटीतून उतरलेल्या स्पॅनिश स्थलांतरितांकडून जे करारनामे लिहून घेतले गेले, ते वैद्यकाच्या इतिहासातील एक अपूर्व दस्तऐवज होत. इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांतल्या या करारात लिहून देणारा म्हणतो की मी पंचवीस वर्षांहून मोठा असून स्वखुषीने हे करीत आहे. या बेटावर राहिलो तर हा ताप आज ना उद्या मला होणारच, तेव्हा मंडळाच्या देखरेखीखाली आणि उत्तम शुश्रूषेच्या भरवशावर तो ओढवून घेणे मी पसंत करतो. दोन महिन्यांनी शंभर डॉलर सोन्यात. ताप आलाच तर आणखी शंभर. मरण आले तर ती रक्कम तो सांगेल त्या माणसाला. आणि छावणीची हद्द ओलांडली तर सगळ्यावर पाणी. यातला युक्तिवाद सावकारी थाटाचा आहे हे मान्यच केले पाहिजे, कारण ताप अटळ आहे असे आधी ठरवून मग माणसाला निवड करायला सांगितले आहे. तरीही सही करणाऱ्याच्या जिवाला धोका आहे हे त्याच्याच भाषेत, सहीपूर्वी, कागदावर उतरवून देण्याची ही रीत त्या काळात आणखी कोठे दिसत होती, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकन शिपायांपैकी जॉन किसिंजर आणि मुलकी कारकून जॉन मोरन हे दोघे पुढे आले आणि त्यांनी मोबदला नाकारला. किसिंजरला डिसेंबरच्या आरंभी ताप आला. मोरन २१ डिसेंबरच्या दुपारी, मधोमध तारेची जाळी लावलेल्या एका स्वच्छ खोलीत, पंधरा दूषित डासांच्या बाजूला जाऊन निजला. जाळीपलीकडे, तीच हवा घेत, आणखी दोघे राहिले. नाताळच्या सकाळी मोरनला ताप भरला आणि पलीकडच्या दोघांना काहीही झाले नाही.

पण माझ्या मते त्या छावणीतली खरी कठीण परीक्षा दुसऱ्या एका झोपडीत झाली, जिथे एकही डास नव्हता. चौदा बाय वीस फुटांची ही लाकडी झोपडी मुद्दाम कोंदट ठेवलेली होती, आत शेगडी पेटती असे, आणि पीतज्वराच्या रोग्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, पांघरुणे, ओकारीने आणि मलमूत्राने बरबटलेली, मोठमोठ्या पेट्यांत भरून तेथे आणली गेली होती. डॉक्टर रॉबर्ट कूक आणि फोक व जर्निगन हे दोन शिपाई ३० नोव्हेंबरच्या संध्याकाळी आत शिरले, त्यांनी पेट्या उघडल्या, कपडे झटकले, आणि त्या दुर्गंधीने बेजार होऊन बाहेर धाव घेतली. मग पुन्हा आत गेले आणि त्याच अंथरुणांवर निजले. एक रात्र नव्हे, सलग वीस रात्री. रोग कपड्यांतून पसरतो ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत खोटी ठरायला तिघांचेही ठणठणीत राहणे आवश्यक होते, आणि ते राहिले. आजारी पडून कीर्ती मिळवणे वेगळे, आणि आजारी न पडण्यासाठी अशा रात्री काढणे वेगळे. लोकांनी किसिंजर आणि मोरन यांची नावे ध्यानात ठेवली. कूक आणि त्याचे सोबती मागे पडले.

पुढे रोग आटोक्यात यायला फार दिवस लागले नाहीत. लष्करी डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी १९०१ च्या आरंभापासून हवानात डासांची पैदास मोडून काढली आणि त्या वर्षीच्या शरदापर्यंत शहरातून पीतज्वर हद्दपार झाला. रीड १९०२ मध्ये आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर वारले. १९०९ मध्ये वॉशिंग्टनमधील लष्करी रुग्णालय त्यांच्या नावाने उघडले. कॅरोलना १९०७ मध्ये काँग्रेसच्या खास कायद्याने मेजरचा हुद्दा मिळाला आणि त्याच वर्षी हृदयविकाराने त्यांना मृत्यू आला. लॅझिअर यांच्या पत्नीला दरमहा सतरा डॉलर आणि प्रत्येक मुलामागे दोन डॉलर एवढेच निवृत्तिवेतन होते; म्हणजे कायद्याच्या कोष्टकात जे बसले तेवढे. किसिंजर पुढे अपंग झाला आणि त्याची बायको लोकांचे कपडे धुऊन घर चालवत होती, हे १९२६ साली पॉल द क्रुइफ यांनी आपल्या ‘मायक्रोब हंटर्स’ या लोकप्रिय पुस्तकात लिहिले तेव्हा कोठे वाचकांना आणि लोकप्रतिनिधींना त्याची आठवण झाली. तीन वर्षांनी कायदा झाला.

त्या कायद्यातील नावांचा क्रम बारकाईने पाहिला तर एक गंमत दिसते. चार डॉक्टरांनंतर अँड्रसपासून वेस्टपर्यंत नावे इंग्रजी वर्णानुक्रमाने लागली आहेत. मग पुन्हा कूक, इंग्लंड, हिल्डेब्रँड, वेदरवॉक्स. यादी एकदा पुरी झाल्यावर कोणाच्या तरी आग्रहाने ही चार नावे मागाहून शेवटी जोडली गेली असावीत, असा माझा तर्क आहे, आणि त्यात वीस रात्रींचा तो कूकही आहे. पुढे आणखी दुरुस्त्या होऊन, रोग्यांवर उपचार करणारे डॉक्टर रॉजर एम्स आणि शुश्रूषक गुस्ताफ लँबर्ट यांची नावे घातली गेली.

जी नावे आलीच नाहीत त्यांची कैफियत वेगळी आहे. करारनाम्यावर सह्या करणारे स्पॅनिश मजूर पटावर नाहीत. न्यू जर्सीची परिचारिका क्लारा मास हिने ऑगस्ट १९०१ मध्ये, रीड मंडळाच्या कामानंतर डॉक्टर गितेरास यांनी चालवलेल्या प्रयोगात, पंचविसाव्या वर्षी प्राण गमावले आणि तिच्याबरोबर आणखी दोघे स्पॅनिश मेले. तेही या पटाबाहेरच. क्यूबाने १९५१ मध्ये आणि अमेरिकेने १९७६ मध्ये क्लाराच्या नावाने टपाल तिकीट काढले, पण लष्करी नोंदवहीच्या चौकटीत ती कधी बसली नाही. रीड आणि त्यांच्या सहवासातील लोक एवढीच त्या कायद्याची हद्द होती.

एक योगायोगही नोंदण्याजोगा आहे. हा कायदा होण्याच्या दीडेक वर्ष आधीच, १९२७ च्या उन्हाळ्यात, ज्या अडचणीमुळे माणसे पुढे करावी लागली ती अडचणच दूर झाली होती. रॉकफेलर फाउंडेशनच्या पश्चिम आफ्रिकेतील मंडळाने गोल्ड कोस्टमधील आसिबी नावाच्या तापकरी माणसाचे रक्त हिंदुस्थानातून आलेल्या ऱ्हीसस माकडाला टोचले आणि माकड पीतज्वराने आजारी पडले. प्रयोगाला जनावर सापडले! आसिबी वाचला, संशोधक एड्रियन स्टोक्स मात्र त्याच वर्षी लागोसला, आणि नोगुची व यंग पुढच्या वर्षी आक्र्याला, याच रोगाने वारले. आसिबीच्या रक्तातल्या विषाणूपासून मॅक्स थायलर यांनी १९३७ मध्ये जी लस तयार केली तीच आजही आफ्रिकेला निघालेल्या मराठी प्रवाशाच्या दंडात टोचली जाते. आसिबीला कोणी पदक दिल्याचे ऐकिवात नाही. पण प्रयोगशाळांत त्या विषाणूला अजून त्याच्याच नावाने ओळखतात. पीतज्वरावर राबलेल्या याच फाउंडेशनने १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साथीने पुण्यात विषाणू संशोधन केंद्र काढले, आणि पीतज्वराच्या गणगोतातील विषाणूंचा तपास आपल्याकडेही सुरू झाला.

क्यूबातली ती छावणी मधल्या काळात शेतात हरवली होती. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या डॉक्टर फिलिप हेंच यांनी, म्हाताऱ्या मोरनला बरोबर घेऊन, १९४० च्या सुमारास तिची जागा शोधून काढली. कपड्यांच्या प्रयोगाची ती झोपडी अजून उभी होती. तेथे स्मारक झाले तोवर मोरन हयात नव्हता. उद्घाटनासाठी क्यूबाने १९५२ सालचा ३ डिसेंबर निवडला, आणि तो फिनले यांचा जन्मदिवस होता, ज्यांचे नाव अमेरिकेच्या त्या पटावर नव्हते.