आनंदीबाईंचा क्षय आणि परदेशी निघालेले विद्यार्थी

परदेशात प्लेसमेंट किंवा इंटर्नशिपसाठी निघालेले विद्यार्थी मेडिकल फॉर्म घेऊन दवाखान्यात येतात. त्यात बहुधा क्षयरोगाच्या तपासणीचा रकाना असतो. "मला कुठे टीबी आहे? मग ही तपासणी कशाला?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. त्याचे उत्तर समजण्यासाठी पुण्यात जन्मलेल्या एका विद्यार्थिनीचा इतिहास आठवावा लागतो.

आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत दगावले. स्त्रियांवर उपचार करायला स्त्री डॉक्टर हवी, ही गरज त्यांनी स्वतः भोगली होती. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या आणि पुढे फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात दाखल झाल्या. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या.

वॉर्डात शिरण्यासाठी लढाई

डॉक्टरकी नुसत्या पुस्तकातून येत नाही. रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहूनच ती शिकावी लागते. हे कॉलेज १८५० मध्ये सुरू झाले, पण शहरातली रुग्णालये विद्यार्थिनींना वॉर्डात घेईनात. म्हणून १८६१ मध्ये स्त्रियांसाठी वेगळे रुग्णालय उभे राहिले. १८६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये विद्यार्थिनी प्रात्यक्षिकाला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली आणि कागदाचे बोळे फेकले.

लंडनमध्येही तेच. तिथे स्त्रियांचे मेडिकल स्कूल १८७४ मध्ये निघाले, पण वॉर्डात शिकण्याची सोय झाली ती १८७७ मध्ये, रॉयल फ्री हॉस्पिटलने दार उघडल्यावर. मुंबईच्या रखमाबाई १८८९ मध्ये याच स्कूलमध्ये शिकायला गेल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. पुढे सुरत आणि राजकोट इथे त्यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली.

पदवी मिळाली, तब्येत गेली

आनंदीबाईंची तब्येत निघण्यापूर्वीपासून नाजूक होती. तिकडे कडाक्याची थंडी, अनोळखी जेवण, अंगावर साडी, आहार शाकाहारी आणि अभ्यासाचा ताण. तरीही हिंदू प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम.डी. पदवी घेतली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या वॉर्डाची जबाबदारीही त्यांच्यासाठी ठरली होती. ती सांभाळायची वेळ आलीच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. बाविसावा वाढदिवस महिन्याभरावर आला होता.

थंडीने क्षय होतो का?

नाही. क्षय होतो तो जंतूमुळे. रॉबर्ट कॉख यांनी तो जंतू १८८२ मध्ये, म्हणजे आनंदीबाई बोटीत बसण्याच्या जेमतेम वर्षभर आधी, जगासमोर आणला. पण थंडीत दारे-खिडक्या बंद राहतात आणि अशा कोंदट खोलीत रुग्णाच्या खोकल्यातून उडालेले जंतू हवेत टिकून राहतात. शिवाय हा जंतू शरीरात वर्षानुवर्षे झोपून राहू शकतो. पोटाची आबाळ, मधुमेह किंवा इतर कारणाने प्रतिकारशक्ती घटली, की तो डोके वर काढतो. म्हणूनच धडधाकट दिसणाऱ्या विद्यार्थ्यालाही तपासणी सांगतात.

आनंदीबाईंच्या काळी एक्स-रे नव्हता, तो आला १८९५ मध्ये. स्ट्रेप्टोमायसिन हे पहिले परिणामकारक औषध सापडले १९४३ मध्ये. आज आपल्याकडे दोन्ही आहे. कमी आहे ती वेळेवर दाखवण्याची सवय.

निघण्यापूर्वी आणि तिथे गेल्यावर

• मॉन्टू किंवा इग्रा तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार झालाच असे नाही. जंतू शरीरात शिरल्याची ती खूण असते. बीसीजी लसीमुळेही मॉन्टू पॉझिटिव्ह येऊ शकते. छातीचा एक्स-रे काढून आणि लक्षणे पाहूनच पुढचे ठरते.

• रुग्णालयात काम करणार असाल तर हिपॅटायटिस बी, गोवर आणि कांजिण्यांच्या लसींची नोंद आधीच तपासून घ्या. हिपॅटायटिस बीच्या तीन डोसांना साधारण सहा महिने लागतात.

• तिकडे गेल्यावर स्वयंपाकाचा कंटाळा म्हणून चहा-बिस्किटांवर दिवस काढू नका. डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे, जे चालत असेल ते रोज पोटात जाऊ द्या.

• दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी येणारा ताप, रात्री घाम, घटणारे वजन, थुंकीतून रक्त यांपैकी काहीही असले तरी लगेच डॉक्टरांना दाखवा.

प्लेसमेंट हातची जाईल या भीतीने काही मुले खोकला लपवतात. यात स्वतःचे नुकसान होतेच, शिवाय खोलीतल्या मित्रालाही धोका होतो. औषधांना दाद देणारा क्षय साधारण सहा महिन्यांच्या उपचाराने बरा होतो आणि भारतात सरकारी केंद्रांवर ही औषधे मोफत मिळतात. प्लेसमेंट सहा महिने पुढे ढकलता येते. आनंदीबाईंना औषधच नव्हते, तुमच्यासाठी ते आहे. मात्र ते मिळण्यासाठी आजार वेळेवर सांगायला हवा.