आनंद, विश्वनाथन
(११ डिसेंबर १९६९ – ). भारताचे पहिले बुद्धिबळ ग्रँडमास्टर व पाच वेळा जगज्जेते. जन्म तमिळनाडूतील मयिलादुथुराई येथे. पटावरचे पहिले धडे आई सुशीला यांच्याकडून. पुढे चेन्नईच्या ताल बुद्धिबळ क्लबात त्यांचा वेगवान खेळ घडला. १९८७ मध्ये ते जागतिक कुमार विजेते, तर १९८८ मध्ये ग्रँडमास्टर झाले. २००० साली तेहरान येथे शिरॉव्हला हरवून त्यांनी जगज्जेतेपद मिळवले. २००७ ते २०१३ या काळात ते पुन्हा त्यांच्याकडे होते.

भारतात बुद्धिबळाचा प्रसार त्यांच्याइतका कोणीच केला नाही, हे निःसंकोच म्हणता येते. १९८८ पूर्वी देशात एकही ग्रँडमास्टर नव्हता. आता ही संख्या ऐंशीच्या पुढे गेली आहे. अर्थात जमीन आधीच नांगरलेली होती. मुंबईच्या वासंती, जयश्री व रोहिणी या खाडिलकर भगिनींनी १९७० च्या दशकातच राष्ट्रीय महिला स्पर्धा गाजवल्या होत्या. पण बुद्धिबळावर पोट भरता येते, हा विश्वास पालकांना आनंद यांच्यामुळे आला. २०२० पासून त्यांच्या अकादमीत गुकेश, प्रज्ञानंद यांसारख्या तरुणांना मार्गदर्शन मिळू लागले. २०२४ मध्ये सिंगापूर येथे गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला.