पंडिता रमाबाई आणि सदसद्विवेकाचा अधिकार

भारतीय संविधानाचे पंचविसावे कलम आपण 'धर्मस्वातंत्र्याचे कलम' म्हणून ओळखतो. परंतु या कलमात धर्म मानण्याच्या, आचरण्याच्या व प्रसार करण्याच्या अधिकाराआधी आणखी एका स्वातंत्र्याची नोंद आहे. ते म्हणजे सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य. या क्रमाला अर्थ आहे, असे मला वाटते. धर्म बहुधा जन्माने, समूहाकडून मिळतो. विवेक मात्र ज्याचा त्याला चालवावा लागतो.

मी डहाणू तालुक्यातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. माझ्या वर्गात वाढवणच्या मच्छीमार घरांतली मुले असतात, तलासरीच्या वारली पाड्यांवरची असतात. त्यांत काही ख्रिस्ती, काही लाल बावट्याच्या घरातली, काही बौद्ध. यांतील बहुतेकांच्या घरी, माझ्याप्रमाणेच, महाविद्यालयाची पायरी चढणारे हे पहिलेच माणूस. बरेवाईट कोणी ठरवायचे, हा प्रश्न या मुलांच्या दृष्टीने पुस्तकी नाही. भगत सांगतो, फादर सांगतात, पक्ष सांगतो, जातपंच सांगतात. मग स्वतःच्या मनाने काय करायचे? ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नावर मोठी चर्चा झालेली आहे, आणि मराठी मुलखात त्या चर्चेचा सर्वांत कसदार पुरावा पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात आहे.

प्रथम मूळ भूमिका पाहू. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात असे मांडले आहे की, ज्यांच्याकडे धर्मशास्त्र नाही त्यांच्याही अंतःकरणावर नियम कोरलेला असतो आणि त्यांची विवेकबुद्धी त्याची साक्ष देते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने विवेकाच्या विरुद्ध वागणे, तो विवेक चुकलेला असला तरीही, पाप मानले; पण हयगयीने अज्ञानी राहणाऱ्याला त्याने दोषमुक्त केले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली विवेकाची प्रतिष्ठा अधिकृतपणे मान्य केली. म्हणजे दोन गोष्टी एकत्र सांगितल्या गेल्या: विवेक पाळला पाहिजे आणि विवेक घडवला पाहिजे. भांडण सुरू होते ते दुसऱ्या गोष्टीवर. तो घडवणार कोण?

रमाबाईंच्या आयुष्यात हे भांडण प्रत्यक्ष घडले. १८५८ साली जन्मलेल्या या विदुषीने १८८० साली जातीबाहेर, बंगालमधील शूद्र मानल्या गेलेल्या समाजातील वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. दोन वर्षांत वैधव्य आले. १८८३ साली त्या लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील मठातील सिस्टर जेराल्डिन यांची अपेक्षा अशी की, नव्याने धर्मात आलेल्या बाईने चर्चच्या शिक्षकांचे मुकाट्याने ऐकावे. रमाबाईंनी ऐकले नाही. ख्रिस्ताचे देवत्व, त्रैक्याचा सिद्धान्त यांवर त्यांनी शंका मांडल्या. क्रूसावर लॅटिन अक्षरे का, लॅटिन ही संस्कृतपेक्षा अधिक पवित्र आहे काय, असे विचारले. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे हिंदुस्थानातील बिशपांनी कळवले, तेव्हा आपल्या बाबतीत परस्पर निर्णय घेण्याचा हा हक्क त्यांनी नाकारला. १८८५ सालच्या त्यांच्या पत्रांचा आशय स्पष्ट आहे: एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या सायासाने उतरवल्यावर आपण दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, ईश्वराने आपल्याला विवेक दिला आहे आणि त्याचा जाब आपल्यालाच द्यायचा आहे. हा पत्रव्यवहार ए. बी. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो १९७७ साली प्रसिद्ध केला.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. रमाबाईंचा विवेक म्हणजे मनाची लहर नव्हती. त्या बायबल वाचत होत्या, वाद घालत होत्या, पत्रातून कारणे देत होत्या. आयुष्याच्या अखेरीपर्यंत त्यांनी मूळ भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. आपला विवेक त्यांनी अभ्यासाने घडवला, पण त्याची किल्ली कोणाच्या हाती दिली नाही. हिंदू शास्त्रे स्त्रियांना आणि शूद्रांना एकाच तराजूत तोलून ज्ञान व मोक्ष नाकारतात, हे त्यांनी आपल्या आत्मकथनात (१९०७) नोंदवले आहे. पुण्यातील प्रतिष्ठित मंडळी त्यांच्या धर्मांतरावर तुटून पडली असता जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त तर जोतीरावांनी असे कुटुंब कल्पिले की ज्यात पती, पत्नी, मुलगा, मुलगी वाचून-विचारून वेगवेगळे धर्म स्वीकारतात आणि तरी प्रेमाने एकत्र राहतात. सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचे यापेक्षा मोठे चित्र मराठीत मला ठाऊक नाही.

तरीही केवळ 'मन साफ आहे' एवढ्यावर आपले समाधान होता कामा नये. जात पाळणाऱ्याचे मनही साफ असते. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हेच दाखवले की, हिंदू माणूस जात पाळतो तो क्रूरपणामुळे नाही. त्याच्या धर्मनिष्ठेनेच त्याला ते शिकवलेले असते. म्हणून त्यांनी शास्त्रांच्या प्रामाण्यावर घाव घातला आणि नियमांचा धर्म व तत्त्वांचा धर्म यांत भेद केला. नियम हुकूम देतो. तत्त्व माणसावर जबाबदारी टाकते. जेथे जबाबदारी नाही तेथे विवेकाला काम उरत नाही.

आमच्या भागाचा इतिहास याला पुरावा आहे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी वारली जोडपी सावकार-जमीनदाराकडे 'लग्नगडी' म्हणून राबत. वेठ घेणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटत नव्हते. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी येथे हजारो वारली जमले आणि किसान सभेच्या झेंड्याखाली त्यांनी वेठीला नकार दिला. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, पाच वारली मारले गेले, तरी नकार मागे घेतला गेला नाही. यांच्या हाती ना बायबल होते, ना मनुस्मृती. हा लढा ख्रिस्ती श्रद्धेतून उभा राहिला नव्हता. परंतु शास्त्र नसलेल्यांच्या अंतःकरणावर नियम कोरलेला असतो, हे पौलाचे म्हणणे झरीच्या सभेला जितके लागू पडते तितके क्वचितच कोठे पडत असेल. गोदावरी परुळेकरांनी या लढ्यावरील पुस्तकाला 'जेव्हा माणूस जागा होतो' हे नाव दिले, ते उगाच नाही.

झरीत माणसे एकत्र येऊन जागी झाली, आणि ख्रिस्ती विवेकविचाराची मर्यादा नेमकी येथे दिसते. धर्मांतरित अस्पृश्यांविषयी लिहिताना बाबासाहेबांनी आक्षेप घेतला की, मिशनऱ्यांनी त्यांना आपल्या दुःखाचे मूळ पापात शोधायला शिकवले, भोवतालच्या अन्यायी समाजरचनेत नाही. विवेक केवळ आत्म्याचा हिशेब तपासत बसला तर चर्चच्या बाकांवरही जात शिल्लक राहते. खुद्द रमाबाईंच्या शारदा सदनात आरंभी उच्चवर्णीय विधवांच्या सोवळ्याओवळ्याची सोय जपली गेली. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर केडगावच्या 'मुक्ती'त सर्व जातींच्या स्त्रिया आल्या, तेव्हा कोठे त्यांच्या विवेकाचे दार पुरते उघडले.

आज या स्वातंत्र्याची किंमत कोण मोजतो? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. म्हणजे संविधान विवेकाचे स्वातंत्र्य देते आणि आदेश त्यावर दंड बसवतो. अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही. पण ख्रिस्ती झालेल्या आदिवासींना यादीतून काढा, अशी मागणी आता होत आहे. ती मान्य झाली तर माझ्या वर्गातल्या वारली मुलीला प्रार्थना आणि शिष्यवृत्ती यांतून एक निवडावे लागेल.

निर्णय वरच्यांवर सोपवून निश्चिंत होण्याची सोय आपल्याला नाही. वाढवणचेच पाहा. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ साली येथील बंदर नाकारले. त्याच प्राधिकरणाने २०२३ साली परवानगी दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणीही झाली. समुद्र तोच आहे, गावे तीच आहेत. प्राधिकरणाच्या आदेशामागे कायद्याचे बळ असते, परंतु न्याय्य काय हा प्रश्न त्याने मिटत नाही. तो गावाला स्वतः सोडवावा लागतो.

धर्मगुरू, पक्ष, प्राधिकरण यांचे ऐकावे, त्यांच्याशी वाद घालावा, त्यांच्याकडून शिकावे. रमाबाईंनी वाँटेजमध्ये तेच केले. परंतु लग्नगडीचा करार मोडलेल्या या मुलखात कोणी आपला विवेक कोणाकडे गहाण टाकू नये. ते कर्ज पिढ्यान्पिढ्या फिटत नाही.