हैदराबाद स्क्वाड्रनचे चौघे

धाराशिवच्या इतिहासात ब्रिटिश बॉम्बर विमान कुठून आलं, असं तुम्ही म्हणाल. ते आलं एका नावातून.

३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटननं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. दुसऱ्याच दिवशी ब्लेनहाइम विमानं विल्हेल्म्सहाफेन बंदरातल्या जर्मन युद्धनौकांवर चालून गेली. पहिली पाच विमानं ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची होती. ढग अगदी खाली उतरलेले, त्यामुळे हल्लाही कमी उंचीवरून करावा लागला. ‘अॅडमिरल शेअर’ या नौकेवर बॉम्ब पडले, पण ते फुटलेच नाहीत. या पाचांपैकी एक विमान परत आलं नाही. त्यात एमडेन, ग्रॉसी, ऑटी आणि इव्हान्स असे चौघे होते. चौघेही गेले. एमडेन अधिकारी, दोघे सार्जंट आणि इव्हान्स साधा एअरक्राफ्टमन, म्हणजे अगदी खालच्या हुद्द्याचा.

आता या स्क्वाड्रनचं पूर्ण नाव ऐका: ‘११० हैदराबाद स्क्वाड्रन’. हैदराबाद म्हणजे निजामाचं संस्थान. आपला जिल्हा त्याच संस्थानात होता आणि उस्मानाबाद हे नाव मीर उस्मान अली खान यांच्यावरूनच पडलेलं.

पहिल्या महायुद्धात या स्क्वाड्रनच्या पहिल्या विमानांचा खर्च निजामानं उचलला. विमानांच्या अंगावर तसं रंगवलेलं असे: हैदराबादच्या निजामांकडून भेट. त्यातलं एक विमान लंडनच्या हेंडन संग्रहालयात आजही उभं आहे. १९१८ च्या सप्टेंबरात ही स्क्वाड्रन फ्रान्समध्ये उतरली आणि थोड्याच आठवड्यांत तिची कितीतरी विमानं गेली. २१ ऑक्टोबरच्या एकाच मोहिमेतून सात परतली नाहीत.

ती भेट निजामाची, हे खरंच. पण संस्थानाचा खजिना भरत होता कशावर? मुख्यतः जमीनमहसुलावर. म्हणजे त्यात मराठवाड्यातल्या ज्वारी-कापसाच्या रानांचाही वाटा होता. आणि १९१८ हे वर्ष कसं होतं? पाऊस दगा देऊन गेलेला, आणि वर इन्फ्लुएंझाची साथ. गावोगाव माणसं मरत होती, तेव्हाच ही विमानं जर्मनीवर उडत होती. रयतेला कुणी विचारलं नव्हतं. विचारायची सोयच नव्हती. १९३९ मध्येही नव्हती. आदल्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घातली गेली होती. हुकूमशाहीविरुद्ध लढणाऱ्या विमानदलात हैदराबादचं नाव, आणि खुद्द हैदराबादेत सभा घ्यायची चोरी!

मग या चौघांना आपण आठवायचं का? काहीजण म्हणतील, ते साम्राज्याचे शिपाई, आपला काय संबंध? मला हे पटत नाही. निजामाचा निर्णय निजामाचा. त्याचा हिशेब इव्हान्सच्या माथी कशाला? त्यानं ते नाव निवडलं नव्हतं, जसा आपल्या आजोबा-पणजोबांनी तो खर्च निवडला नव्हता. विमानावर नाव लागलं दात्याचं. ज्यांनी सारा भरला आणि जे त्या विमानांत मेले, ते दोघेही एकमेकांना कधी कळले नाहीत.

१७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्रामाच्या हुतात्म्यांना वंदन करतो, ते केलंच पाहिजे. त्याआधी तेरा दिवस ४ सप्टेंबर येतो. त्या दिवशी ही चार नावंही एकदा उच्चारायला हरकत नाही. त्यानं निजामाचा गौरव होत नाही; आपल्या नावानं काय काय घडलं, याची नोंद तेवढी पुरी होते.