साष्टीच्या मोहिमेची तिथि व खाडीचें पाणी

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर बोनकोडें या गांवीं आमचें वास्तव्य आहे. शाळेंतील संस्कृताचें अध्यापन संपल्यापासून जुने कागद लावण्यांत आमचे दिवस जातात. आमच्या तीरावरून पश्चिमेस पाहिलें असतां खाडीपलीकडे भांडुप-कांजूरच्या इमारती व त्यांच्या पाठीशीं डोंगर दिसतो. तो पलीकडचा मुलूख म्हणजे साष्टी. भराव, पूल व आगगाडी यांच्या योगानें तें एके काळीं बेट होतें ही गोष्ट लोकांच्या स्मरणांतून गेली आहे; पेशवे दप्तरांत मात्र तें अद्यापि बेटच आहे. हें बेट सन १७३७ त मराठ्यांनीं पोर्तुगीजांपासून सोडविलें. तें ज्या रात्रीं सोडविलें त्या रात्रीच्या तिथीविषयीं आम्हीं एक चूक केली होती व ती कित्येक वर्षें विद्यार्थ्यांस शिकविलीहि होती. ती येथें दुरुस्त करितों.

आधीं नांवाविषयीं दोन शब्द. साष्टी हा शब्द षट्षष्टि, म्हणजे सहासष्ट गांवांचा समूह, यावरून आला असें सांगतात. परंतु गोव्यांतहि एक साष्टी आहे व तिचीहि व्युत्पत्ति हीच. नुसतें नामसादृश्य असतें तर फारसें बिघडलें नसतें. पण याच युद्धांत, सन १७३९ च्या जानेवारींत, व्यंकटराव घोरपडे यांनीं गोव्याच्या साष्टींत शिरून मडगांव घेतलें. शत्रु एक, वर्षें तींच, नांवहि तेंच. यास्तव ‘साष्टींत फौज उतरली’ एवढेंच वाचून कागद ठाण्याच्या रुमालांत बांधूं नये. सोबत मालाड, मरोळ, वेसावें यांपैकीं एखादें गांव आलें तरच निःशंक व्हावें.

२३ डिसेंबर १५३४ च्या तहानें गुजराथच्या बहादुरशहानें वसई व तिच्या तालुक्यांतील बेटें पोर्तुगीजांस दिलीं. तेव्हांपासून दोनशें वर्षें तो अंमल चालला. त्यांतील धर्मविषयक जुलमाचा पाढा येथें पुन्हा वाचण्याचें कारण नाहीं. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, सन १७३७ ची स्वारी केवळ पुण्यांत ठरली नाहीं. अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधु, तसेच मालाडचे अंताजी रघुनाथ, यांनीं ती मागितली, तिच्यासाठीं हेलपाटे घातले, आणि बेटाच्या वाटा, चौक्या व उतार यांची माहिती पुरविली. चिमाजी अप्पांच्या कीर्तीस यानें उणेपणा येत नाहीं. पण फौजेला खाडी दाखविणारा मनुष्य खाडीचाच असावा लागतो, आणि हीच गोष्ट आम्ही विसरलों होतों.

आमची चूक अशी. ठाण्यावरील चालीची तारीख एका इंग्रजी टिपणांत आम्हांस ६ एप्रिल १७३७ अशी आढळली. टिपण इंग्रजी, तेव्हां तारीख इंग्रजांच्या जुन्या पद्धतीची, असें धरून आम्हीं तींत अकरा दिवस मिळविले. १७ एप्रिल, बुधवार, चैत्र वद्य द्वितीया-तृतीयेचा सुमार निघाला. पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, म्हणजे खाडीस उधाण. त्यावरून आम्हीं सिद्धान्तहि बसविला कीं, मराठे उधाणाची वाट पाहत थांबले व भरलेल्या पाण्यावरून त्यांनीं होड्या नेल्या. सिद्धान्त ऐकावयास फार गोड होता.

तो मोडला आमच्याच गांवांतील एका वृद्ध आगरी गृहस्थांनीं. मिठागरांत व मासेमारींत त्यांचा जन्म गेला. इतिहासाशीं त्यांचा संबंध नाहीं. सर्व ऐकून घेऊन ते एवढेंच म्हणाले, ‘गुरुजी, उधाणाच्या रात्रीं माणसांनीं भरलेली होडी कळव्याच्या गळ्यांतून कोण नेईल?’ कळवें येथून उत्तरेस तीनएक कोसांवर. बोनकोड्यापाशीं खाडी रुंद व चिखलाची आहे. ठाणें-कळव्यापाशीं ती अरुंद होते, आणि म्हणूनच सन १८५४ त आगगाडीचा पूलहि तेथेंच पडला. उधाणाचें पाणी त्या चिंचोळ्या जागीं जोरानें ओढतें, आणि ओसरलें म्हणजे दोहों बाजूंस चिखल उघडा पडतो. सप्तमी-अष्टमीच्या भांगास दोन्ही गोष्टी सौम्य असतात. ओढ कमी, चिखलहि कमी. ओझें पलीकडे न्यावयाचें तर भांगावर, हा या तीराचा जुना रिवाज.

तेव्हां आम्हीं गणित पुन्हा मांडलें. पोर्तुगीजांनीं ग्रेगरीची सुधारलेली कालगणना सन १५८२ तच स्वीकारली. इंग्रजांनीं ती सन १७५२ पर्यंत घेतली नाहीं. सन १७३७ त दोहोंमध्यें अकरा दिवसांचें अंतर होतें. एकाच दिवसास वसईचा पाद्री ६ एप्रिल म्हणे व मुंबईचा इंग्रज २६ मार्च म्हणे. आमच्या टिपणांतील तारीख पोर्तुगीज कागदांवरून उचललेली होती. तींत कांहींएक मिळवावयाचें नव्हतें. ६ एप्रिल, शनिवार, शके १६५९, चैत्र शुद्ध षष्ठी-सप्तमी. सुहूर सन सबा सलासीन मया व अलफ, जिल्हेज महिन्याचा पहिला आठवडा. म्हणजे भांग लागलेला. शिवाय शुद्ध षष्ठी-सप्तमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो व पुढें पहाटेपर्यंत अंधार राहतो. आमच्या आधींच्या तिथीस तो रात्रभर माथ्यावर असता आणि ठाण्याच्या पहारेकऱ्यास प्रत्येक होडी मोजतां आली असती. ठाण्याचा किल्ला त्या वेळीं पुरता बांधून झाला नव्हता हें प्रसिद्धच आहे. परंतु अपुरा किल्लाहि चांदण्यांत घेणें निराळें आणि काळोखांत घेणें निराळें.

हाच अकरा दिवसांचा फरक मोहिमेच्या शेवटींहि आडवा येतो. वसईच्या शरणागतीच्या कलमांवर १६ मे १७३९ ही तारीख आहे. तीच जुन्या पद्धतीनें ५ मे. किल्ला खालीं होऊन मराठ्यांच्या ताब्यांत आला तो २३ मे, जुन्या पद्धतीनें १२ मे. या चारहि तारखा आमच्याकडील पुस्तकांत सुट्या सुट्या भेटतात, आणि एक लेखक १२ मेला किल्ला घेतो तर दुसरा १६ मेला कलमें ठरवितो! दोन्ही खरें, पण एकाच पानावर दोन पंचांगें ठेवून नव्हे. वैशाखी पौर्णिमेच्या सुमारास वसई आली, मृग तोंडावर आला होता. आणखी पंधरवडा लांबतां तर पावसानें मोर्चे वाहून नेले असते.

मध्यंतरीं सन १७३८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनीं ठाणें परत घेण्याचा यत्न केला व त्यांत त्यांचा सेनापति पेद्रु द मेलु पडला. मुंबईकर इंग्रजांनीं पोर्तुगीजांच्या तयारीची खबर मराठ्यांस आगाऊ दिली होती असें ग्रँट डफ लिहितो. इंग्रजांचें हें शेजारधर्माचें वर्तन कशासाठीं होतें हें पुढें दिसून आलें. छत्तीस वर्षांनीं, सन १७७४ च्या डिसेंबरांत, त्यांनीं तोच ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. त्यांचा आरमारी सरदार वॉटसन या वेढ्यांत प्राणास मुकला. सन १७८२ च्या सालबाईच्या तहानें वसई परत आली, साष्टी आली नाहीं.

‘सोडविलें’ हा शब्द आम्हीं आरंभीं वापरला, तो बखरींचा व पत्रांचा शब्द म्हणून. अंजूरकरांस व मालाडकरांस तो अक्षरशः लागू होता. बेटांतील ख्रिस्ती रयतेनें तोच शब्द वापरला असता असें म्हणवत नाहीं. ती मराठीच बोले, त्याच खाडींत जाळें टाकी, आणि त्या रात्रीं पलीकडून येणाऱ्या होड्यांकडे भयानें पाहत असली पाहिजे. वसईच्या कलमांत मागें राहणाऱ्या ख्रिस्त्यांस धर्माचें स्वातंत्र्य दिलें, हें विजेत्यांस भूषणास्पद होय; पण जें कलम घालावें लागलें, त्याच्यामागें धास्ती होती हेंहि तेंच कलम सांगतें.

आतां संग्राहकांस एक विनंति. या मोहिमेचीं पत्रें छापतांना वा त्यांच्या याद्या करितांना पत्रावरील ‘छ’ पुढील चंद्राचा आंकडा, मुसलमानी महिना व वार हीं तिन्ही जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. इंग्रजी तारीख कोणत्या पद्धतीची तें लिहावें. आणि मूळ आंकडा गाळून केवळ आपण काढलेली तारीख देऊं नये. खाडीकांठच्या ज्या घराण्यांत उतारांचीं, होड्यांच्या भाड्याचीं अथवा तांडेलांच्या इनामांचीं सन १७३७ ते १७३९ मधील पत्रें असतील, त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे धाडाव्या. बोनकोड्याच्या त्या वृद्ध गृहस्थांस भरती-ओहोटीचीं कोष्टकें अद्यापि तोंडपाठ आहेत, व अशा पत्रांतील तिथि त्यांच्यासमोर ठेवून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.