पेन्शनीतला शिपाई : गोपाळबाबा वलंगकर

आपल्या विहारात जमणाऱ्या तरुण मंडळींना चळवळ कधी सुरू झाली असे विचारले, की उत्तर येते १९२७, महाडचे चवदार तळे. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. तळ्याच्या आधी ३०-४० वर्षे त्याच महाड तालुक्यातला एक पेन्शनर शिपाई एकटा उभा राहिला होता. त्याचे नाव गोपाळबाबा वलंगकर.

बाबांचा जन्म १८४० च्या सुमारास महाडजवळच्या रावढळ गावी महार कुटुंबात झाला. माता रमाई त्यांच्या नात्यातल्या. त्या काळी कोकणातल्या आपल्या माणसाला गावकीच्या येसकरकीतून सुटायची एकच वाट होती, ती म्हणजे पलटण. पलटणीत अंगावर वर्दी आली, दरमहा पगार आला आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे अक्षर आले. गावच्या शाळेने जे दिले नाही ते छावणीने दिले. सुभेदार रामजीबाबा सकपाळ याच पलटणीच्या शाळेत हेडमास्तर झाले, हे आपण जाणतोच.

१८८६ साली गोपाळबाबा पेन्शनीत निघाले आणि दापोलीला राहिले. दापोली म्हणजे तेव्हा पेन्शनर शिपायांची वस्ती. आजही जुनी माणसे तिला ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. सरकारी पेन्शन होती, घरी स्वस्थ बसता आले असते. पण महात्मा जोतीराव फुल्यांच्या विचारांनी त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. ‘दीनबंधु’त आणि ‘सुधारका’त ते लिहू लागले. आम्हा गिरणी कामगारांना याचे विशेष वाटते, कारण ‘दीनबंधु’ मुंबईतून चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे हेच आमच्या कामगार संघटनेचे मूळ पुरुष. गिरणीला रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली ती त्यांच्याच खटपटीने. म्हणजे कामगाराचे आणि अस्पृश्याचे गाऱ्हाणे एकाच पत्रात शेजारी शेजारी छापले जात होते.

१८८८-८९ च्या सुमारास बाबांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. त्यात त्यांनी उच्चवर्णीयांना २६ प्रश्न विचारले. विटाळ आला कुठून, तो कोणत्या आधारावर पाळता, याचा जाब एका शिपायाने लेखी मागितला. हात जोडून दया मागणे वेगळे आणि जाब विचारणे वेगळे. हा फरक ध्यानात घ्या. ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ ही संस्थाही त्यांचीच. आपल्या समाजाने स्वतःच्या नावाने काढलेल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी ती एक.

मग घाव आला तो पलटणीतूनच. ‘लढाऊ जाती’ नावाचे खूळ इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी काढले आणि १८९२-९३ पासून महारांची भरती बंद केली. १८१८ साली भीमा कोरेगावला ज्यांनी रक्त सांडले, ज्यांची नावे तिथल्या विजयस्तंभावर कोरली, त्यांच्याच नातवंडांना सांगितले की तुम्ही लढवय्ये नाही! नोकरी गेली, आणि तिच्याबरोबर पोराबाळांची शाळाही गेली. १८९४ साली बाबांनी भरती पुन्हा सुरू करावी म्हणून मराठीत विनंतीपत्र तयार केले. आम्ही मूळचे क्षत्रिय, असा दावा त्यात होता. आज आपल्याला तो पटणार नाही. १९५६ साली बाबासाहेबांनी आपल्याला त्या उतरंडीतूनच बाहेर काढले. पण ज्या काळात माणूस म्हणूनही कोणी मोजत नव्हते, त्या काळातले ते हत्यार होते, हे विसरून चालणार नाही.

१८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा स्पृश्य सभासदांना ते रुचले नाही. अस्पृश्याने आपल्या बरोबरीने बसावे म्हणजे काय! बाबा १९०० साली रावढळलाच वारले. भरती खुली झालेली त्यांनी पाहिली नाही.

पण पेरलेले वाया गेले नाही. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी हीच मागणी थेट विलायतेपर्यंत नेली. पहिल्या महायुद्धात १९१७ ला महार पलटण उभी राहिली, १९२१ ला मोडली, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट स्थापन झाली. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनीही लष्करबंदीने कोकणातल्या आपल्या समाजाचे किती नुकसान केले ते सांगितले. ज्या तालुक्याच्या बोर्डावर एका महाराचे बसणे सहन झाले नाही, त्याच तालुक्यात हजारो माणसे तळ्यावर चालून गेली.

बांधवांनो, आपल्यातले पुष्कळजण आता रिटायर होत आहेत. कोणी रेल्वेतून, कोणी बेस्टमधून, कोणी नगरपालिकेतून. गिरणीवाल्यांना तर गिरण्यांनीच घरी बसवले. हातात वेळ आहे, थोडेफार फंडाचे पैसे आहेत. गोपाळबाबांजवळ याहून जास्त काही नव्हते. एक पेन्शन, एक लेखणी आणि आयुष्याची उरलेली १४ वर्षे. ती त्यांनी समाजाला दिली. विहाराच्या अभ्यासिकेत संध्याकाळी पोरांना दोन तास शिकवायला माणूस मिळत नाही, अशी तक्रार वर्धापनदिनी दरवर्षी ऐकू येते. निदान या वर्षी तरी ती ऐकू येऊ नये, एवढेच मागणे.

जयभीम!